काट्याखालची वीट

गुरुवार, दि. २ मार्च

ती. मामांस,
मोठीचा सा. न. वि. वि.

पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. धाकटी सापडली. जिवंत आहे, चालते-बोलते आहे, आणि हे पत्र मी तिच्यापासून एका रस्त्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बसून लिहिते आहे. फोन करणार होते. पण फोनवर तुम्हांला अर्धेच ऐकू येते आणि उरलेले अर्धे तुम्ही मनाने भरता, म्हणून हा खटाटोप.

शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून आणि उशीवर चार ओळींची चिठ्ठी ठेवून ती गेली, त्याला आता आठ महिने झाले. परवा आमच्या काटेदुरुस्तीच्या दुकानात एक चिठ्ठी आली : माणसे तोलायचा जुना, दांडीचा काटा आहे, तो अडखळतो, दुरुस्तीला कोणी पाठवा. चिठ्ठीतला ‘क’ पाहिला आणि माझे हात थांबले. तसा शेपटीवाला ‘क’ जगात एकटी धाकटीच काढते. मालकांना म्हटले, हे काम माझे, मध्ये कोणी येऊ नका.

जागा म्हणजे बंद पडलेला लाकडी सामानाचा कारखाना. भुशाचा वास अजून भिंतींत आहे. साठेक माणसे राहतात. स्वतःला हलकी मंडळी म्हणवतात. त्यांचे म्हणणे असे, की माणसात जे जड आहे ते पाप आणि जे हलके आहे ते देवाचे. दर रविवारी सकाळी सगळ्यांना तोलतात. दांडीवर चाळीस किलोंपाशी तांबड्या रंगाची खूण आहे. ज्याचे वजन त्या खुणेखाली उतरले तो सुटला. मग त्याला पांढऱ्या खोलीत बसवतात आणि तो नऊ दिवसांत उडून जातो, असे हे लोक मला अगदी बस किती वाजता सुटते ते सांगावे तशा आवाजात सांगत होते. त्या खोलीच्या दाराबाहेर बाकाखाली दोन जोड चपला होत्या, रोज पुसलेल्या.

त्यांच्या प्रमुखाला थोरले म्हणतात. मऊ आवाज, रुंद खांदे; प्रकृती कशी आहे असे विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत खरोखर थांबतात. बाकीची मंडळी दिवसातून वाटीभर पेज पितात. थोरले मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवतात. कारण विचारले तर म्हणाले, की इतरांच्या वाटचे जडपण आपणच खातो, आणि ते आपल्या अंगाला लागत नाही; आपण तांबडी खूण केव्हाच ओलांडली, म्हणून काट्यावर चढायची गरज नाही. ते थट्टा करत नव्हते, मामा. त्यांना तसे खरेच वाटते. मला भीती वाटली ती त्याचीच.

धाकटीने मला पाहिले. ओळख दिली नाही. तिथे नाती जड समजतात, म्हणून ती मला काटेवाली म्हणाली आणि काटा दाखवून निघून गेली. गळ्याची हाडे मोजून घ्यावीत अशी झाली आहे. मागच्या रविवारी ती साडेचव्वेचाळीस भरली होती.

काटा मात्र झकास केला. रिकामाच तीन किलो दाखवत होता! फळी उचलली तर खाली कापडाच्या पट्टीने बांधलेली एक वीट. कोणा अडाण्याने दांडी हलू नये म्हणून लावली असणार. सोडली, फेकली, दांडी जिच्यावर टेकते ती धार साफ केली, दांडी शून्यावर आणली. तिथल्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई, त्यांना किल्लीबाईच म्हणतात, त्या विटेकडे बघत राहिल्या. मला वाटले, कचरा केला म्हणून रागावल्या. फेरतपासणीला मी पुन्हा जाणार आहे, तेव्हा धाकटीला गाठीन. समोरच्या कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली आठवडाभर भाड्याने घेतली आहे. तुम्ही गुडघ्यांना तेल लावता ना? लोभ आहे, त्यात काटछाट नसावी.

तुमची,
मोठी

*

शनिवार, दि. ४ मार्च

चि. मोठीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत. त्यांची क्षमा केली आहे, विस्मरण केलेले नाही. धाकटी जिवंत आहे हे वाक्य मी चार वेळा वाचले आणि चारही वेळा ते निर्दोष आढळले.

काट्याचे काम तू केलेस, त्याबद्दल शाबास. मी छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासली. तुझ्या आईने तुम्हां दोघींना माझ्या पदरात टाकले, तेव्हा तुम्हांला देण्यासारखे माझ्यापाशी एवढेच होते, की जे चूक आहे ते दिसताक्षणी दुरुस्त करावे. कोणाचे आहे, कशासाठी आहे, हे विचारू नये. रिकाम्या काट्याने तीन किलो दाखवणे हा शुद्ध खोटेपणा. खोट्या मापाने आजवर कोणाचे भले झाले आहे?

आता माझे दोन प्रश्न. ज्यांच्या त्या चपला आहेत ते दोघे नऊ दिवसांनंतर कोणाला दिसले काय? आणि पांढऱ्या खोलीत अन्न जाते काय? तू हुशार आहेस, पण यंत्र दिसले की तुला माणूस दिसत नाही. हा दोष तू माझ्याकडून घेतला आहेस.

पोलीस चौकीत मी सकाळी जाऊन आलो. तिथला अधिकारी तरुण आहे, पण उभा राहून बोलला. त्याने मला एक कागद दाखवला. तक्रारीवरून तो त्या कारखान्यात गेला होता, तेव्हा तिथल्या प्रत्येक सज्ञान माणसाने आपण स्वेच्छेने राहतो असे लिहून सही केली आहे. त्यात शेपटीवाला ‘क’ आहे. कागद वाचताना माझ्या चष्म्याच्या काचा वारंवार पुसाव्या लागल्या. धूळ फार आहे हल्ली.

गुडघे बरे आहेत. तेल लावत नाही. तुमच्यावरील माझी माया तपासण्यास पाठवू नये. ती जशीच्या तशी छापावी.

मामा

*

रविवार, दि. ५ मार्च, संध्याकाळ

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही माणसाबरोबर धाडलेले पत्र आत्ता हाती आले. शाबासकी परत घ्या, मामा. ती वाचवत नाही.

आज तोलणे होते. काटा कसा चालतो ते बघायला म्हणून मला दाराशी उभे राहू दिले. पहिली बाई चढली, तीन किलोंनी कमी भरली. दुसरा चढला, तोही तीन किलोंनी कमी. एकेक जण चढत गेला आणि प्रत्येक जण आठवड्यात तीन-साडेतीन किलोंनी उतरलेला. आधी कुजबूज झाली, मग रडणे, मग सगळे जमिनीला डोके टेकून बसले. थोरले म्हणाले, की आजवर असे झाले नव्हते. एकाच आठवड्यात साऱ्या घरावर कृपा झाली. आणि मी तिथे पान्हा हातात धरून उभी होते. ती कृपा मी केली होती. वीट काढून.

पाच जण तांबड्या खुणेखाली गेले. चार बाया आणि एक म्हातारे टपालवाले. पुरुष उंच-धिप्पाड, त्यांचे वजन तितके उतरतच नाही. सुटतात त्या बहुतेक बायाच. पाचांनी चपला काढून बाकाखाली नीट लावल्या आणि ते हसत आत गेले. किल्लीबाईंनी दार लावले. त्यानंतर आतून एका सुरात गुणगुणणे ऐकू यायला लागले. मी निघाले तेव्हाही चालू होते.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. मी फाटकातून बाहेर पडत होते, तेव्हा किल्लीबाई कचरा टाकायचे निमित्त करून बाहेर आल्या. आधीचे दोघे उडाले नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी गुणगुणणे थांबले, आणि नवव्या दिवशी थोरल्यांनी आणि त्यांनी मिळून मागच्या आवारात त्यांना मातीआड केले. मंडळींना सांगितले, खोली रिकामी आहे, आणि खोली रिकामीच होती. आत अन्न जात नाही; दिवसाला एक पेला पाणी. दुसऱ्या माणसाला पुरल्यावर बाईंनीच ती वीट आपल्या ओढणीच्या पट्टीने काट्याखाली बांधली. गेले चार महिने त्या विटेमुळे एकही जण खुणेपर्यंत पोचला नव्हता. मी विचारले, की मग पळून का गेला नाहीत, दार का उघडले नाहीत? त्या म्हणाल्या, की थोरल्यांवर विश्वास होता आणि विटेवरही होता. दोन्ही एकाच मनात कसे मावत होते ते आपल्यालाही सांगता येणार नाही. माझ्यावर रागावल्या नाहीत. फक्त एवढे विचारले, की तुम्हांला शिकवले कोणी, जे दिसेल ते सरळ करायला?

पाचांच्या पाण्यात त्या साखर-मीठ घालताहेत. रविवारपर्यंत टिकतील, पुढचे सांगता येत नाही.

धाकटी एक्केचाळीस भरली आहे. रविवारी उतरावे म्हणून तिने आजपासून पेजही सोडली. आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, ताई, तू जन्मात माझ्यासाठी इतके चांगले काही केले नव्हतेस.

करायला गेले एक. काय करू, लवकर लिहा.

मोठी

*

मंगळवार, दि. ७ मार्च

चि. मोठीस,
आशीर्वाद.

शाबासकी परत घेतली आहे, आणि तिच्या शेजारी माझी सही आहे. म्हणजे दोष कोणाचा याबद्दल संदेह उरणार नाही. किल्लीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी आहे, असे त्यांना सांग.

आता नीट वाच. मी आयुष्यात प्रथमच तुला खोटे करायला सांगत आहे. वीट परत लाव. दोन लाव. काटा बिघडव, मोड, त्याची दांडी वाकव. तुझ्या हातून जे जे बिघडू शकेल ते बिघडव, आणि कोणी विचारले तर तोंड वर करून सांग, की काटा उत्तम आहे. त्या अक्षम्य असत्याचा जाब मागायला कोणी आलाच, तर त्याला माझा पत्ता दे.

मी पुन्हा चौकीत गेलो. या खेपेस चार पानी अर्ज नेला. अधिकाऱ्याने तो पूर्ण वाचला, ही गोष्ट त्याच्या हिताची ठरेल. तो म्हणतो, की पुरलेल्या माणसांबद्दल किल्लीबाई स्वतः येऊन बोलल्या, तर त्याला आवार खणता येईल. परंतु बाई आवार सोडून चौकीपर्यंत येतील असे तुझ्या पत्रावरून दिसत नाही, आणि माझे म्हणणे म्हणजे ऐकीव गोष्ट. दार फोडायला त्याला वरून परवानगी हवी, तिला आठवडा लागेल. मात्र आतल्याच कोणी दार उघडले आणि मदत मागितली, तर त्याला कोणाच्याही सहीची गरज नाही. रविवारी सकाळी दहा वाजता तो रुग्णवाहिका घेऊन तुझ्या धुलाईवाल्याच्या दुकानाशी उभा राहणार आहे. कपडे धुवायला टाकण्याचे निमित्त करील. आजवर इतक्या मळक्या गणवेशाची कोणी वाट पाहिली नसेल.

मी येतो म्हणालो तर तू नको म्हणशील, आणि गुडघे तुझ्या बाजूने मत देतील. म्हणून येथेच बसतो. तुझ्या खोलीत विजेची शेगडी असेल तर ती पडद्यापासून दूर ठेव. मी काही तरी सांगायचे म्हणून सांगतो आहे. शिल्लक आयुष्यातली सारी माया सोबत धाडली आहे.

मामा

*

शुक्रवार, दि. १० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वीट लावणे आता शक्य नाही. कृपेचा काटा म्हणून त्याला पांढऱ्या चादरीने झाकला आहे, आणि जवळ दोघे जण पाळीपाळीने बसतात. त्यांतला एक पूर्वी याच कारखान्यात सुतार होता. त्याची बायको आत आहे. दाराला कान लावून बसतो. आतले गुणगुणणे आता दोघांचेच येते.

विटेबद्दल सगळ्यांना खरे सांगून टाकावे असे वाटले होते. पण ते सांगितले की दुसऱ्या दिवशी किल्लीबाईच पांढऱ्या खोलीत असतील, आणि पाण्यात साखर घालायला कोणी उरणार नाही. मोडताना सापडले तर मला हाकलतील आणि तोलायला दुसरा काटा आणतील. 

मला फेरतपासणी करू द्या म्हटले. थोरले हो म्हणाले, पण आमची प्रमाण वजने आत आणू देत नाहीत; बाहेरचे लोखंड काट्याला विटाळेल म्हणे. माझ्या कामात काटा सिद्ध करायची एकच रीत आहे : ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे अशी वस्तू त्यावर ठेवायची. त्यावरून काल एक गोष्ट सुचली. लिहीत नाही, लिहिली तर धीर जाईल. रविवारी दहा वाजता तुम्ही काय करत असाल ते मला ठाऊक आहे : खुर्चीत बसून जुन्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल करत असाल. करा. मला बरे वाटेल.

मोठी

*

सोमवार, दि. १३ मार्च

ती. मामांस,
धाकटीच्या आणि माझ्या, अशा दोघींच्या वतीने सा. न. वि. वि.

काल धुलाईवाल्याच्या फोनवरून ओरडून सांगितले त्यातले तुम्हांला किती कळले, देव जाणे. म्हणून पुन्हा लिहिते. धाकटी बाहेर आहे. पाचही जण जिवंत आहेत. पाचही.

काल तोलायला पहिली धाकटीच उभी होती, चपला हातात घेऊन. मी पुढे झाले आणि थोरल्यांना म्हणाले, की तोलण्याआधी काटा सिद्ध करून द्यायचा आमच्या धंद्याचा नियम आहे. बाहेरचे लोखंड चालत नाही हे मान्य, पण ठाऊक असलेले एक तरी वजन मला लागेल. या घरात साठ माणसांपैकी एकाचेच वजन सगळ्यांना पाठ आहे. आपण वर्षानुवर्षे सांगत आला आहात, की आपण ती खूण केव्हाच ओलांडली आणि या मंडळींसाठी मागे थांबलात. तेव्हा आपणच उभे राहावे.

मला वाटले होते, ते टाळतील. टाळले असते तरी लोकांच्या मनात काही पेरले गेले असते. ते टाळतील कशाला? आनंदाने हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पायताण काढले आणि फळीवर चढले. मामा, त्यांना खात्री होती. साऱ्या दालनात माझीच एकटीची पाचावर धारण बसली होती.

दांडी वर आदळली. खट्ट असा आवाज झाला. मी सरकते वजन तांबड्या खुणेवर आणले, दांडी हलली नाही. पन्नास. साठ. मला घाई करता येईना, सवयच नाही. सत्तर. ऐंशी. तेवढ्या शांततेत लोखंडावरून लोखंड सरकल्याचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. मग दांडी तरंगली. आकडा मोठ्याने दोनदा वाचायचा असतो, तो मी वाचला.

“शहाऐंशी किलो, दोनशे ग्रॅम.”

 थोरल्यांनी पुन्हा तोलायला लावले. तेवढेच आले. ते माझ्याकडे रागाने बघत नव्हते. दांडीकडे बघत होते, लहान मुलाने हरवलेल्या रस्त्याकडे बघावे तसे. मग हळूच म्हणाले, की काटा खोटा आहे.

 पुढे मला काहीच सुचलेले नव्हते, हे तुम्हांलाच म्हणून सांगते. बोलला तो सुतार. जागचा उठलासुद्धा नाही, दाराला पाठ लावून बसला होता तसाच म्हणाला :

“काटा खोटा असेल, तर माझी बायको आत कशाला आहे?”

 काटा खरा म्हणावा तर थोरले जड, आणि खोटा म्हणावा तर ते पाच जण निष्कारण आत. मी साठ चेहऱ्यांवर हे एकेक करून उमटताना पाहिले. काहींवर उमटलेच नाही. किल्लीबाई कोणाला न विचारता दाराकडे चालू लागल्या. किल्ली दोनदा खाली पडली. दुसऱ्यांदा ती सुताराने उचलून दिली.

आतला वास मी लिहिणार नाही. पाचही जण भिंतीला टेकून होते. म्हाताऱ्या टपालवाल्यांनी डोळे किलकिले करून आज कोणता वार म्हणून विचारले. रविवार म्हटल्यावर म्हणाले, मग टपाल नाही. सुताराने बायकोला उचलले आणि तो सरळ रस्त्यावर गेला. किल्लीबाई उंबऱ्यात उभ्या राहून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडल्या असतील : कोणी तरी या. तुमचा अधिकारी खांद्यावर धुवायचा गणवेश टाकून धावत आला.

थोरले फळीवरून उतरलेच नाहीत. पोलिसांनी हात धरून उतरवले तेव्हा रिकामी दांडी पुन्हा आदळली, आणि ते दचकले. वीस-पंचवीस माणसे अजून डोळे मिटून गुणगुणत होती. एका बाईने मला शिव्याशाप दिले, एक जण माझ्यावर थुंकला. सगळे सुटले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते.

धाकटी चपला हातात धरून तिथेच उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

“मग मी आता कुठे जायचे?”

मी तिला उचलली. मी रोज वीस-वीस किलोंची दोन वजने दोन हातांत उचलते, पण त्यांना मूठ असते. हिला कुठे धरावे तेच कळेना. रस्ता ओलांडेपर्यंत ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. लागत एकही नव्हती. मी रडले ते त्यामुळे.

आज डॉक्टरांनी सांगितले, की पाचही जण वाचतील. धाकटीची मूत्रपिंडे शाबूत आहेत. मागचे आवार खणायला घेतले आहे. किल्लीबाई स्वतः जागा दाखवताहेत. मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. 

तुमची माया कमी पडली नाही. शिल्लक असेल तर तशीच राहू द्या.

मोठी

*

बुधवार, दि. १५ मार्च

चि. मोठीस,
मामाचे शतशः आशीर्वाद.

रविवारच्या फोनवरून मला ‘धाकटी’, ‘गणवेश’ आणि ‘पाच’ एवढेच तीन शब्द कळले होते. त्यांपासून मी नाना वाक्ये रचून पाहिली. काही फार वाईट होती. आज तुझे पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मी उठलो, खिडकी उघडली, पुन्हा बसलो. शेजारच्या शिंपिणीने विचारले, की काका, काय झाले? मी तिला म्हणालो, की काही झाले नाही. त्या वाक्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

तुझ्या पत्रात या खेपेस पाच चुका आहेत. मी त्या मोजल्या आणि तशाच ठेवल्या.

मी तुला खोटे करायला सांगितले होते, आणि तू खऱ्यानेच काम भागवलेस. याचा मला अभिमान वाटावा, परंतु तो पुरा वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये. ती पाच माणसे आठवडाभर ज्या खोलीत पडून होती, तिथे ती आपल्या दोघांच्या चोखपणामुळे गेली. बाईंची वीट खोटी होती आणि शहाणी होती. ही गोष्ट वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळली. अजिबात न कळण्यापेक्षा बरे. तुला हे वारंवार आठवेल. आठवू दे, पण त्याचे माप काढत बसू नकोस.

किल्लीबाईंना मी पत्र घातले आहे. त्यांच्यावरही खटला होईल, असे अधिकारी म्हणतो. त्या मातीआड करण्यात सामील होत्या, हे खरेच आहे. परंतु विटेची आणि साखरेची हकीकत न्यायालयापुढे सविस्तर जावी म्हणून त्यांचे निवेदन मी लिहून देणार आहे. त्यात मात्र एकही चूक राहणार नाही.

धाकटीला सांग, की तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. मागची खोली झाडून घेतली, जुनी मुद्रिते माळ्यावर टाकली, खिडकीला नवी काच बसवली. काच बसवणाऱ्याने ती जरा तिरपी बसवली आहे. मी त्याला काहीही बोललो नाही.

दोघींवर सारखी, आणि कोणावर किती ते विचारू नये अशी माया.

मामा

*

बुधवार, दि. २९ मार्च

ती. मामांस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

ताई म्हणते, मी लिहावे. काय लिहावे ते ती सांगत नाही, त्यामुळे हे पत्र आठ दिवस चालले आहे.

मी अजून ताईवर रागावलेली आहे. पहिल्यांदा वीट काढली म्हणून रागावले नव्हते, आणि आता त्याच गोष्टीसाठी रागावले आहे. यातले कोणते बरोबर, ते तुम्ही सांगा. ती रोज येते, पलंगाजवळ बसते आणि माझ्या अंगावरची चादर सारखी करते. मी पुन्हा विस्कटते. ती पुन्हा सारखी करते. काल आम्ही दोघी त्यावर हसलो. पुरते नाही, थोडे.

इथे नर्स रोज सकाळी वजन करते. मी पाठ करून उभी राहते आणि आकडा सांगू नका असे तिला सांगितले आहे. पहिले काही दिवस, काय आकडा आला असेल या भीतीने अंगाला घाम फुटायचा. खोटे कशाला सांगू, अजूनही वाटते, की आपण हलके होत होतो ते किती छान होते. सकाळी उठावे आणि शरीर आपल्याला काहीच मागत नाही, असे असायचे. तसे पुन्हा कधी होणार नाही याचे मला वाईट वाटते, आणि हे वाईट वाटणे कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हांला लिहिते. तुम्ही ते कोणाला वाचून दाखवणार नाही.

थोरले खालच्या मजल्यावर आहेत, पोलीस पहाऱ्यात. त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडले आहे. चाळिसापर्यंत उतरून दाखवीन म्हणतात. डॉक्टर नळीने काही तरी घालतात. मी समजावावे असे कोणी तरी सुचवले. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पुढे जाईन की नाही ते माहीत नाही.

किल्लीबाईंना भेटायला सुतार आणि त्याची बायको गेली होती.  टपालवाले बाबा समोरच्याच पुरुषांच्या खोलीत आहेत; रोज सकाळी इथल्या परिचारिकांना पत्ते नीट कसे लिहावेत ते शिकवतात. तुमची आणि त्यांची गाठ पडली तर इमारत रिकामी करावी लागेल.

तुमच्या मागच्या खोलीत मी येईन. शुक्रवारी सोडतील. तिरपी काच तशीच राहू द्या, मला बघायची आहे. आणि मी आल्यावर लगेच काही विचारू नका. काही दिवसांनी विचारा. चित्राचे सामान ताईने आणून ठेवले आहे, अजून उघडले नाही.

पत्राचा शेवट नीट करायचा राहतो आहे, रागावू नका. माझे ताट आले आहे, वाफ निघते आहे, आणि मामा, मला भूक लागली आहे.